इयो म्हणजे कोण

दत्तोपंत कचेरीतून घरी आले आणि जिन्यातच त्यांच्या कानावर ते पडलं. वर शेजारच्या जिजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि दत्तोपंतांची बायको निरुपमा त्यांना म्हणत होती, "थांबा हं, चहाचं आधण ठेवते. इयो आले वाटतं."

झालं! दत्तोपंतांच्या अंगाचा तिळपापड झाला. आता तुम्ही म्हणाल, नवरा दमून आला, बायकोने आधण ठेवलं, यात चिडण्यासारखं काय आहे? अहो, चहाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती त्या 'इयो'बद्दल. इयो म्हणजे दुसरं कोणी नाही, दत्तोपंतच. पण तो शब्द बनवला होता बडोद्यात पाणीगेटला राहणाऱ्या जयसिंगरावांनी. बायको आपली, बोलते आपल्याबद्दल, आणि तोंडात शब्द त्या मिशीवाल्याचा! हे कुठल्या नवऱ्याला सोसेल?

शब्द बनवला म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधीची गोष्ट आहे. महाराजांनी राज्यात शाळा सक्तीची केली होती, गावोगाव वाचनालयं काढली होती, तेव्हा बडोद्यातल्या शहाण्या लोकांना नुसतं बसून राहवेना. जो तो काहीतरी नवीन काढायच्या मागे. तशातच सुभेपदावरून निवृत्त झालेल्या विश्वासरावांनी वर्तमानपत्रात वाचलं, की युरोपात कोणी नवी भाषा बनवली आहे आणि लोक ती शिकतात. म्हाताऱ्याने ठरवलं, आपणही करायची. आयुष्यभर त्यांनी पाहिलं होतं: शेतकरी गुजरातीत रडतो, कारकून मराठीत लिहितो, फौजदार उर्दूत दरडावतो आणि निकाल इंग्रजीत लागतो. तर या सगळ्यांना सारखीच सोपी, कोणाच्याच आईची नसलेली, अशी एक भाषा. तिचं नाव ठेवलं सर्वमुखी.

सयाजीगंजात विश्वासरावांचा बंगला होता. तिथे दर रविवारी सकाळी सभा भरायची. सभा म्हणजे तीन माणसं: स्वतः विश्वासराव, राज्याच्या भाषांतराच्या कामावर असलेले आमचे दत्तोपंत, आणि शाळेत चित्रकला शिकवणारे जयसिंगराव. जयसिंगरावांचं घराणं शिलेदारांचं. तलवारी केव्हाच्या खुंटीला गेल्या होत्या, पण मिशा आणि हसणं तेवढं शिल्लक होतं. हा माणूस हसायला लागला की पलीकडच्या बंगल्यातली कुत्री भुंकायची. दत्तोपंतांना ते हसणं पहिल्यापासूनच आवडत नव्हतं, पण तेव्हा कारण सापडत नव्हतं.

सर्वनामांचं काम दत्तोपंतांकडे आलं. मी, तू, तो हे झटपट झालं. खरी मेख पुढे होती. कोणी, कोणीतरी, कोणीही, कोणीच नाही. आणि 'माणसाने असं वागू नये' म्हणतो तेव्हाचा तो माणूस, जो कोणीच नसतो आणि सगळ्यांतच असतो. दत्तोपंतांनी महिनेच्या महिने घातले. जेवताना हात थांबायचा, अंघोळीला गेले की आत पाणीच वाजायचं नाही. शेवटी त्यांनी संस्कृतातून एक 'कश' काढला आणि त्यावर सगळी इमारत उभी केली. कोणीतरी म्हणजे कश, कोणीही म्हणजे कशपि, कोणीच नाही म्हणजे नकश, आणि सगळ्या जगाचा तो अनामिक माणूस म्हणजे जनु. मोठ्या कागदावर खण आखून तक्ता केला, लाल शाईच्या रेघा मारल्या आणि सभेत टेबलावर उलगडला. एक खण रिकामा नव्हता. विश्वासराव चष्मा काढून म्हणाले, "वा, दत्तोपंत! हे काम म्हणायचं."

तेवढ्यात जयसिंगराव म्हणाले, "तक्ता झकास आहे. एकच विचारतो. आमची कौशल्या भाजीवालीला सांगते, 'घरी वांगी चालत नाहीत.' कोणाला चालत नाहीत, तर मला. माझं नाव ती घ्यायची नाही. कोणीतरी म्हणायची नाही, मी काय रस्त्यावरचा माणूस आहे? तर सर्वमुखीत तिने काय म्हणायचं?"

दत्तोपंतांचं बोट तक्त्यावरून एकदा गेलं, पुन्हा गेलं. "संदर्भावरून कळेल," ते म्हणाले.

"कळतंच हो. पण बिचारीने म्हणायचं काय?"

मग जयसिंगरावांनीच सांगितलं. खंडेराव मार्केटात काठेवाडी बाया नवऱ्याबद्दल बोलताना नुसतं 'ई' म्हणतात, ते त्यांनी ऐकलं होतं. त्यालाच जरा गोल करून त्यांनी 'इयो' केलं होतं. जो सगळ्यांना माहीत आहे, ज्याचं नाव घ्यायचं नाही आणि जो आपला आहे, तो इयो. विश्वासरावांनी मांडीवर थाप मारली. "चालशे! एकदम चालशे! दत्तोपंत, घाला एक खण."

आखलेल्या, लाल रेघा मारलेल्या तक्त्याला दत्तोपंतांनी कडेला एक खण जोडला. तिथेच ठिणगी पडली.

सभेचा एक नेम होता. नवीन शब्द आला की तो आधी तिघांच्या घरी पंधरवडाभर वापरायचा. घरातल्या बायकांच्या तोंडी टिकला तर पक्का, नाहीतर रद्द. याला ते घरची परीक्षा म्हणत. विश्वासरावांचं म्हणणं, पंडितांनी पास केलेल्या भाषा पुष्कळ मेल्या, आपली चुलीपाशी पास झाली पाहिजे. दत्तोपंतांचे कश आणि कशपि निरुपमाने इमानाने वापरले होते, पण औषध घेतात तसे. इयोचं तसं झालं नाही.

त्या काळच्या बाईची अडचण तुम्हाला ठाऊक नसेल. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, एवढ्यावर भागत नसे. नावासारखं जे जे काही, तेही तोंडात आणायचं नाही. नवरा दत्तात्रेय, म्हणून निरुपमा दत्तजयंतीला 'औदुंबराखालच्या देवाला जाते' म्हणायची. कोणी मूल दत्तक घेतलं तर 'मांडीवर घेतलं' म्हणायची, आणि जिथले महाराजच दत्तक आलेले त्या बडोद्यात तो शब्द टाळून राहायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. नवऱ्याबद्दल बोलायचं तर 'इकडून येणं झालं', 'स्वारीचं जेवण झालं', नाहीतर सरळ हनुवटीने माजघराकडे खूण. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ज्या माणसासाठी सकाळपासून रात्रीपर्यंत राबायचं त्याला बोलण्यात जागाच नाही. आणि एक दिवस तिला हा एवढासा शब्द मिळाला.

"इयोंना भाकरी तव्यावरची लागते." "इयो रागावले की कान लाल होतात, बघा तुम्ही." "काल इयो झोपेत व्याकरण बोलत होते." जिजाबाईंपाशी, पाणक्यापाशी, मोलकरणीपाशी तिचं तोंड बंद होईना. आठवड्याभरात दांडिया बाजारातल्या त्या अख्ख्या चाळीत बायका आपापल्या नवऱ्यांना इयो म्हणायला लागल्या. निरुपमाचा चेहरा तर असा उजळला होता, की माहेरी जाऊन आली असं वाटावं.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. माझी बायको उठल्यासुटल्या माझ्याबद्दल बोलते, तेही कौतुकाने, आणखी काय पाहिजे? पण मत्सर शिरला की माणसाला गोड ते कडू लागतं. दत्तोपंतांना वाटायचं, मी इतकं रक्त आटवलं त्यातला एक शब्द हिच्या जिभेवर रुळला नाही, आणि त्या रंगाऱ्याने मार्केटातून उचलून आणलेला रुळला! रात्रंदिवस त्यांना जयसिंगराव दिसायचे. शाळेत मुलांना कमळ काढायला शिकवता शिकवता मनात हसत असतील, की दत्तोपंतांच्या घरात या घटकेला आपला शब्द फिरतो आहे.

मग त्यांनी एक घाणेरडी खोड लावून घेतली. निरुपमा इयो म्हणाली रे म्हणाली, की हे लगेच बाजूने म्हणायचे, "जयसिंगराव!" ती म्हणाली, "इयोंचा सदरा वाळला का गं?" की यांचं आतून, "जयसिंगराव!" आधी तिला ती गंमत वाटली. मग ती नुसती थांबायला लागली. पण शब्द काही सुटला नाही, आणि यांचा टोमणाही सुटला नाही.

एका संध्याकाळी खुद्द जयसिंगराव चिकूंची टोपली घेऊन घरी आले. निरुपमा चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आली आणि दारापाशी थांबून म्हणाली, "भावजी, एक विचारू? 'इयोंसाठी' म्हटलेलं चालतं ना? आमच्या जिजाबाई 'इयोकरता' म्हणतात."

"वहिनी, तुम्ही म्हणाल ते बरोबर," जयसिंगराव म्हणाले. "शब्द आता तुमचा आहे. मी नुसता आणून टाकला." आणि ते त्यांचं गडगडाटी हसू हसले. निरुपमाही हसली, पदर तोंडाला लावून, पण मोकळी हसली.

दत्तोपंतांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. बायकोचं हे हसणं त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्यांना आठवेना. आणि आठवेना म्हणून आणखीच राग आला. स्वतःचा राग यायला हवा होता, पण तेवढं शहाणपण वेळेवर सुचतं कोणाला?

पाहुणे जिना उतरायच्या आत दत्तोपंत दौत-टाक घेऊन बसले. सगळ्यांना विदित असलेला कश, म्हणून त्यांनी केला 'विदकश'. नियमात चोख, व्युत्पत्ती शुद्ध. इयोच्या जोडीला हाही परीक्षेला घ्या, अशी चिठ्ठी त्यांनी विश्वासरावांना धाडली. सकाळी त्यांनी निरुपमाला समोर बसवून सांगितलं, "उद्यापासून इयो बंद. विदकश म्हणायचं."

"विदकश," निरुपमा म्हणाली आणि तिला ठसकाच लागला. पाणी पिऊन तिने परत प्रयत्न केला. "विदकशांना भाकरी... हे बोलेपर्यंत भाकरी करपेल हो."

"सवय होईल."

सवय झाली, पण भलत्याच गोष्टीची. विदकश म्हणण्यापेक्षा तिने नवऱ्याबद्दल बोलणंच सोडलं. जिजाबाईंशी पापडांबद्दल बोलायची, पावसाबद्दल बोलायची, नळाच्या पाण्याबद्दल बोलायची. कधी चुकून 'इयो' निसटलाच, तर आतून बाण यायचा, "जयसिंगराव!" जिजाबाईसुद्धा मग लवकर उठून जायला लागल्या.

एका दुपारी ताट वाढताना ती मोलकरणीला म्हणाली, "इयोंचं तूप आण." आणि दत्तोपंतांनी पाटावरून उठून ताट बाजूला सारलं.

"किती वेळा सांगायचं? त्या माणसाचा शब्द या घरात नको!"

"शब्दात तो माणूस कुठे आहे?" निरुपमाने विचारलं. "मी तुमच्याबद्दल बोलते."

"त्याच्या तोंडाने बोलतेस!"

"मग काय म्हणू? विदकश माझ्या तोंडात बसत नाही. 'इकडून, तिकडून' म्हणायला गेले तर तुम्हीच म्हणता जुनाट आहे. मी तुम्हाला म्हणू तरी काय?"

"नाव घे!" दत्तोपंत ओरडले. "दत्तात्रेय म्हण. आपण सुधारलेले लोक आहोत. माझं नाव घे, पण इयो म्हणू नकोस."

निरुपमा हातात तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. "हे मनापासून सांगताय?" तिने हळूच विचारलं. दत्तोपंत रागाच्या भरात 'हो' म्हणून गेले. तिने वाटी खाली ठेवली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी परीक्षेचा निकाल होता. तिन्ही घरच्या बायका सयाजीगंजात आल्या. विश्वासरावांच्या येसूबाईंनी पुरणाचा घाट घातला होता. जेवणाआधी सभा. विश्वासरावांनी बायकांना मधल्या दारात बसवून विचारलं, "बोला, नवऱ्याबद्दल बोलायला कोणता शब्द घरात राहिला?"

"आमच्याकडे इयो," येसूबाई म्हणाल्या. "या वयात मला मेलीला लाज वाटते, पण गोड वाटतो."

"इयो," जयसिंगरावांची कौशल्याही म्हणाली.

सगळे निरुपमाकडे वळले. चाळभर इयो तिनेच पसरवला, हे या सभेत कोणाला ठाऊक नव्हतं? ती एक शब्द बोलली की संपलं, जन्मभर जयसिंगरावांपुढे मान खाली. निरुपमाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग जमिनीकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे विदकश."

दत्तोपंतांनी एवढा मोठा श्वास सोडला, की तक्त्याचं टोक हललं. आता त्यांना चेव आला. उभे राहून त्यांनी भाषणच ठोकलं: इयो गावंढळ आहे, त्याला धातू नाही, मूळ नाही, उद्या परिषदेपुढे भाषा ठेवली तर लोक हसतील. आणि शेवटी म्हणाले, "इयो राहणार असेल, तर माझा तक्ता मी घरी घेऊन जातो."

"अरे, हा काय हट्ट!" विश्वासराव म्हणाले. "दोन घरं इयो म्हणतात."

जयसिंगराव मात्र दारातल्या निरुपमाकडे बघत होते. आज त्यांना हसू आलं नाही. "जाऊ द्या काका," ते म्हणाले, "एका शब्दापायी माणूस कशाला गमवायचा?" पेन्सिल उचलून त्यांनी स्वतःच्याच हाताने कडेचा खण खोडला आणि वर विदकश लिहिलं. अक्षर सुरेख, चित्रकाराचं.

जिंकले! दत्तोपंत जिंकले. छाती फुगवून ते खुर्चीत बसले, पानाची चंची उघडली, जयसिंगरावांपुढेही धरली. मोठेपणा तरी काय वर्णावा! सर्वमुखीत आता पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सर्वनामं त्यांची होती, एकट्याची.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात निरुपमा आली. पदर नीट खोचलेला, आवाज स्वच्छ. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "दत्तात्रेय, पानं वाढली आहेत. चला."

बंगल्यात एवढी शांतता पसरली, की आत कढईतलं तूप ऐकू यायला लागलं. कौशल्याने तोंडावर पदर धरला. येसूबाई "अगो बाई!" म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. विश्वासराव एवढे सुधारक, पण तेही चष्मा पुसायला लागले. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. कचेरीत शिरस्तेदार कारकुनाला हाक मारतो, तेवढंच. दत्तोपंतांना वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली.

जेवणात पुरण गोड होतं की अळणी, त्यांना कळलं नाही. तीनदा तिने नाव घेतलं. "दत्तात्रेय, कटाची आमटी वाढू?" "दत्तात्रेयांना भात नको असेल." प्रत्येक वेळी त्यांचा घास थांबायचा. आणि ती मात्र सहज, जशी जन्मापासून हेच म्हणत आली.

घरी जाताना टांगा केला. रस्ता संपत आला. मग दत्तोपंत एकदम म्हणाले, "ते नावाचं मी रागात बोललो होतो. तू मनावर घेतलंस."

"मी विचारलं होतं ना. तुम्ही हो म्हणालात."

"बरं, चुकलं. असं कोणाच्याही देखत ऐकवत नाही मला." त्यांनी टांगेवाल्याच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू आपलं पहिल्यासारखं इयो म्हण. मी विश्वासरावांना सांगतो, परत घालून टाका. जयसिंगरावांची माफी मागायची तर तीही मागतो."

"आता नाही जमायचं," ती म्हणाली.

"का नाही?"

"तो शब्द मला मिळाला तेव्हा त्यात तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. कोणी केला, कुठून आणला, माझ्या मनातसुद्धा येत नव्हतं. इयो म्हटलं की तुम्ही दिसायचात, जिना चढणारे. पण रोज मी इयो म्हटलं आणि रोज तुम्ही आतून म्हणालात, जयसिंगराव. म्हणतच राहिलात." तिने पदराने डोळे पुसले, आणि ते तिला लपवायचंही नव्हतं. "आता तो शब्द तोंडाशी आला की मला जयसिंगराव दिसतात. तुम्ही दिसत नाही. मग मी तो का बोलू?"

टांगा दांडिया बाजारात वळला. सगळे कश, कशपि, नकश दत्तोपंतांना पाठ होते, पण त्यातलं काही कामाला येईना. शेवटी त्यांनी अगदी केविलवाण्या आवाजात विचारलं, "मग माझ्याबद्दल बोलशील तेव्हा काय म्हणशील?"

"बोलावंसं वाटलं की बघू, दत्तात्रेय," निरुपमा म्हणाली, आणि घर आलं म्हणून खाली उतरली.